बोक्याला हार्नेस घातला की आडवाच पडतोय, कोणी मांजर पट्ट्यानं बाहेर फिरवलंय का? (कोल्हापूर)

राजारामपुरी_मनू
नमस्कार मंडळी, आमच्याकडं देशी बोका आहे, दीड वर्षाचा, नसबंदी झालीय, पिल्लू असल्यापासून फ्लॅटमध्येच वाढलाय. आता दिवसभर गॅलरीच्या ग्रिलला नाक लावून बसतो, कबुतर दिसलं की दात कटकट कटकट वाजवतो आणि दार जरा उघडलं की सरळ जिन्यात. आमचे हे म्हणतात सोड की खाली, मांजरच आहे ते, पण खाली पाच-सहा कुत्री बसलेली असतात आणि गाड्यांचं तर बोलायलाच नको. म्हणून हार्नेस मागवला. घातल्या घातल्या हा धाडकन आडवा, पाय ताठ, डोळे उघडे, उचलून उभा केला की परत आडवा. सासूबाई घाबरल्या, म्हणाल्या अगं लकवा बिकवा मारला की काय. काढला तर दुसऱ्या मिनिटाला पाणी प्यायला गेला!! जमेल का हे? रोज संध्याकाळी रंकाळ्यावर न्यायचा विचार होता.

पेठेतला_बोकेवाला
ताई लकवा न्हाई, नाटक पण न्हाई. अंगाभोवती आवळलं की मांजर तसंच पडतंय, बहुतेक सगळी पडत्यात. तुमचं एवढंच चुकालंय की घाई व्हायलीय. हार्नेस आधी त्याच्या जेवणाच्या ताटलीशेजारी नुसता टाकून ठेवा, वास घेऊ दे, त्यावर झोपू दे. मग बक्कल न लावता पाठीवर ठेवायचा आणि लगेच खाऊ. मग बक्कल, पण खाऊ संपायच्या आत काढायचा. बक्कलचा टक आवाज आधी लांबून ऐकवा, काही मांजरं त्यालाच दचकत्यात. घालून आडवा झाला तर उभा करत बसू नका, समोर सुकट धरा, नाकासमोर न्हाई, हातभर लांब. एक पाऊल टाकलं की दिली. घरात शेपूट वर करून हिंडायला लागला की मगच दोरी, ती पण आधी नुसती मागं लोंबू द्यायची, तुमच्या नजरेसमोर.
खाऊ म्हणून उकडलेलं चिकन चालतंय, बिनमिठाचं. तांबड्या रश्श्यातला तुकडा धुऊन देतो म्हणत असाल तर नको, कांदा-लसूण मांजराला विषारी हाय.
आणि रंकाळा डोक्यातनं काढा. चौपाटीवर संध्याकाळी भेळेच्या गाड्या, बारकी पोरं, हॉर्न, कुत्री, माणूस दमतंय तिथं.

तांबडा_पांढरा
मांजराला पट्टा 😂😂 काय दिवस आले मर्दा. आमच्या आजीकडं गावाकडं आठ मांजरं होती, कोण कुठं जातंय कुणाला पत्ता नसायचा.

पेठेतला_बोकेवाला
@तांबडा_पांढरा भावा त्या आठातली म्हातारी होऊन किती मेली ते पण विचार आजीला.

शाहूपुरी_सायली
मनूताई, मी दोन मांजरं नेतो बाहेर, गच्चीवर. वरच्या उत्तरात फिटिंगचं राहिलंय आणि खरी भानगड तिथंच आहे. मांजराचं गळ्याजवळचं हाड बाकीच्या हाडांना जोडलेलं नसतं, स्नायूतच असतं, त्यामुळं डोकं गेलं तिथं खांदे आवळून अख्खं मांजर जातं. ते पुढं ओढून कधी सुटत नाही, घाबरलं की मागं मागं सरकतं, पुढचे पाय वर करतं आणि हार्नेस डोक्यावरनं निघून तुमच्या हातात. म्हणून घरातच टेस्ट करा, दोरी हळू समोरून धरा आणि त्याला मागं जाऊ द्या, निघाला तर तो हार्नेस बाहेर न्यायचा नाही. जाकीटसारखा रुंद असला तर बरा, पट्टा आणि अंग यांच्यामध्ये एक-दोन बोटं बसली पाहिजेत, जास्त नाही. दोरी पाठीवरच्या कडीलाच, गळपट्ट्याला अजिबात नको, उडी मारली तर गळफास बसेल. आपोआप गुंडाळणारी कुत्र्याची दोरी पण नको, हातातनं सुटली की ते प्लास्टिकचं हँडल खडखडत मागं येतं आणि मांजर त्यालाच घाबरून पळतं.

गच्चीवर नेलं तर कठड्यापासून लांब, आणि दोरी पाइपला बांधून आपण खाली चहाला जायचं नाही. एप्रिल-मेमध्ये सकाळी लवकरच, नंतर फरशी भाजते. गणपतीच्या मिरवणुकीत साउंड सिस्टिम आणि दिवाळीत फटाके, तेव्हा घरातच बसवा. जुलैच्या पावसात तसंही कोण बाहेर जातंय म्हणा.

राजारामपुरी_मनू
थँक्यू सगळ्यांना! सुकटीची आयडिया भारी आहे, सासूबाई शाकाहारी आहेत पण बोक्यासाठी नाक दाबून हो म्हणाल्यात 🙈 कुत्र्याचं गोचिडांचं औषध घरात पडलंय, दिराच्या लॅब्राडोरचं, बाहेर न्यायच्या आधी तेच दोन थेंब लावू का?

शाहूपुरी_सायली
नको नको नको!! कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, ते मांजराच्या लिव्हरला पचत नाही, थरथर सुटते, झटके येतात, जीव जातो. दिराच्या लॅब्राडोरला लावलं असेल तर निदान तीन दिवस बोक्याला त्याच्याजवळ पण जाऊ देऊ नका. मांजराचं वेगळं मिळतं, डॉक्टरांना वजन सांगून तेच घ्या. त्याच वेळी लसीचं कार्ड दाखवा, रेबीजची आणि ती तिन्ही आजारांची एकत्र, सगळे ट्रायकॅट म्हणतात ती. त्यातला पॅनल्यूकोपेनियाचा, म्हणजे मांजरांच्या एका जीवघेण्या आजाराचा व्हायरस मातीत महिनोन्महिने टिकतो, आपल्या चपलेबरोबर पण घरात येतो.

पेठेतला_बोकेवाला
अजून एक, दारातनं त्याला चालत बाहेर काढू नका. हार्नेस घरात घालायचा, बॅगेत किंवा खांद्यावर घेऊन जिना उतरायचा आणि जागेवर गेल्यावर खाली ठेवायचा. चालत नेला तर उंबरा ओलांडायची सवय लागतीय आणि दार उघडलं की तो आधी पळालाच. बॅग उघडीच ठेवा शेजारी, कुत्रं दिसलं की त्यातच घुसतंय, कडेवर उचलायला गेलात तर नखं तुमच्या मानेत. कान चपटे, पोट जमिनीला टेकलंय, तर तसाच उचलून घरी, आज फिरायचंच म्हणून ओढायचा न्हाई. आणि चालेल ही अपेक्षा पण ठेवू नका, माझा बोका कुंडीजवळ अर्धा तास बसून मुंग्या बघतोय आणि मी दोरी धरून हुबा.

तांबडा_पांढरा
बरं बरं. आमच्या मनीला पण बसतंय का हे, ती सहा वर्षांची हाय? बहिणीनं विचाराय सांगितलंय 😅