हॉलचा संगणक: लांबून आवाज नाही, ट्रॅकही उघडेनात

प्रेषक: ताई (नाट्यसमिती)

मंडळी, नमस्कार. डोंबिवलीहून लिहितेय. शनिवारी न्यू जर्सीत सकाळी १० ला तालीम, म्हणजे इथे संध्याकाळचे साडेसात. अण्णांनी तिथल्या हॉलमध्ये बसवलेल्या पायकेव्हीएममधून (दूरचा संगणक नेटवर्कवरून बघायचं, चालवायचं छोटं यंत्र) विंगेतल्या संगणकाचा पडदा स्वच्छ दिसतो, माउसही चालतो, पण आवाज अजिबात येत नाही. दुसरं, पार्श्वसंगीताचे १४ ट्रॅक झिप करून चढवले. यादीत झिप दिसते, पण जोडली की विंडोज म्हणतं, डिस्क फॉरमॅट करा. मी केलेली नाही. शुक्रवारच्या आत सांगा.

प्रेषक: काका (खजिनदार)

ताई, एवढा खटाटोप कशाला? गूगल ड्राइव्हवर टाका, तिथून कुणीतरी उतरवून घेईल. आणि विंडोजचं रिमोट डेस्कटॉप असताना आपण हे यंत्र घेतलंच का, हे मी सभेतही विचारलं होतं.

प्रेषक: अण्णा

काका, सभेत दिलेलं उत्तर पुन्हा देतो. त्या संगणकावर विंडोज होम आहे. होमवर बाहेरून रिमोट डेस्कटॉपने शिरता येत नाही. शिवाय ऐन कार्यक्रमात अपडेट सुरू होऊ नये म्हणून संगणक इंटरनेटवर नाहीच, फक्त पायकेव्हीएम आहे. वीज जाऊन आल्यावर संगणक विंडोज सुरू होण्याआधीच्या बायोसच्या पडद्यावर अडकला तरी यातून दिसतो.

ताई, आता तुमचं. आधी सिस्टिम मेनूत व्हिडिओ मोड बघा. एमजेपेग या मोडवर असेल तर त्यातून फक्त चित्र येतं. वेबआरटीसी निवडा, मग खाली आवाजाची पट्टी दिसेल. ती शून्यावर असते, ओढून वर न्या. मग विंडोजच्या आवाजाच्या यादीत पायकेव्हीएम नावाचं एचडीएमआय उपकरण निवडा. हे यंत्र संगणकाला मॉनिटर म्हणूनच दिसतं, त्यामुळे आवाज एचडीएमआयकडे वळवला तरच तुमच्यापर्यंत पोचतो.

झिपचं कारण वेगळं. चढवलेली फाइल हे यंत्र संगणकापुढे अख्खी सीडी किंवा पेनड्राइव्ह म्हणून धरतं. झिप ही डिस्क नव्हे, म्हणून विंडोज फॉरमॅट मागतं. ट्रॅकच्या फोल्डरची आयएसओ, म्हणजे अख्ख्या सीडीची एकच फाइल, बनवा, ती चढवा, सीडी-रॉम निवडून जोडा.

प्रेषक: नाना (ध्वनी)

अण्णा, आवाज एचडीएमआयकडे वळवायला सांगण्याआधी मला विचारायला हवं होतं. मागच्या शनिवारी कुणीतरी नेमकं हेच केलं आणि परत फिरवलं नाही. हॉलचे स्पीकर गप्प. २० मिनिटं मी मिक्सरच्या वायरी तपासत होतो, मुलं रंगमंचावर ताटकळत उभी. विंडोजचं मुख्य आउटपुट मिक्सरचं यूएसबी आहे आणि तेच राहील. विसर्जनापर्यंत त्याला कुणीही हात लावू नये.

प्रेषक: माई (मराठी शाळा)

ताई, आयएसओ करताना जोलिएट हा फाइलींच्या नावांचा पर्याय चालू ठेव. गेल्या वर्षी मी 'सुखकर्ता – मुलांचा सूर' अशा नावांच्या फाइली दिल्या होत्या, तिकडे नुसती चिन्हं उमटली. जोलिएटमध्ये देवनागरी नावं टिकतात, फक्त ६४ अक्षरांच्या आत ठेव. मॅकवर असशील तर हायब्रिड आयएसओच्या आज्ञेत तो पर्याय असतो. आणि निवेदनाचा मजकूर पायकेव्हीएमच्या पेस्टच्या खिडकीतून पाठवू नकोस. ते यंत्र एकेक कळ दाबून टाइप करतं, देवनागरी त्याला जमत नाही. मजकुराची फाइल त्याच आयएसओत घाल.

प्रेषक: अण्णा

नाना, तुमचं बरोबर आहे. मागच्या शनिवारी तपासणीसाठी मीच वळवलं होतं आणि मुलांना तिष्ठावं लागलं, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. विंडोजचं मुख्य आउटपुट हलवायची गरजच नाही. ट्रॅक वाजवायच्या व्हीएलसी प्रोग्राममध्ये ऑडिओ मेनूत उपकरण निवडता येतं. ताईंनी ऐकायला तिथे पायकेव्हीएम निवडायचं; बाकी सगळं मिक्सरकडेच जाईल.

प्रेषक: नाना (ध्वनी)

मग माझी हरकत नाही. पण तालमीत ट्रॅक त्याच व्हीएलसीतून वाजतात. ताईंनी ऐकून झालं की उपकरण परत 'डिफॉल्ट'वर आणायचं. ट्रॅक वेव्ह (आवाज न दाबलेल्या फाइली) असतील तर उत्तम. मोठ्या स्पीकरवर एमपीथ्रीतला तबला बोथट होतो.

प्रेषक: काका (खजिनदार)

एमपीथ्री ३२० असेल तर कुणालाही फरक कळत नाही. यंत्राचा पासवर्ड अजून आला तसाच आहे का?

प्रेषक: अण्णा

काका, तो पहिल्या दिवशीच बदलला, वेबपानाचाही आणि रूट या मुख्य खात्याचाही. राउटरवर पोर्ट उघडलेलं नाही, टेलस्केल या खासगी नेटवर्कमधूनच आत येता येतं. नवा पासवर्ड माझ्याकडे आणि सचिवांकडे आहे. या यादीवर तो कुणी मागू नये.

प्रेषक: ताई (नाट्यसमिती)

आला! आवाज आला. तिसऱ्या अंकातली सनई इथे आईलाही ऐकवली. आयएसओ जोलिएटसह चढली, १४ ही ट्रॅक वेव्हमध्ये, नावं देवनागरीत नीट आहेत. व्हीएलसी डिफॉल्टवर आणून ठेवलंय नाना, एकदा बघाल का?

आता एकच. शनिवारच्या तालमीचं ध्वनिमुद्रण मला परत हवंय. सीडीवर तर लिहिता येत नाही ना?

प्रेषक: अण्णा

नाही. मी आज रात्री ८ जीबीची रिकामी पेनड्राइव्ह-प्रतिमा (संगणकाला पेनड्राइव्ह वाटेल अशी फाइल) यंत्रावर करून ठेवतो. ती फ्लॅश म्हणून, लिहिण्याची परवानगी देऊन जोडा. तिची मांडणी फॅट३२ असेल, तेव्हा एक फाइल ४ जीबीच्या आत हवी. नाना, मध्यंतराला मुद्रण तोडा. काढताना आधी विंडोजमधून इजेक्ट, मगच यंत्रावरून डिस्कनेक्ट.

प्रेषक: नाना (ध्वनी)

तोडतो. व्हीएलसी बघितलं, ठीक आहे. सनईचा ट्रॅक फार हळू आहे ताई, नवा पाठवा.