चौल-रेवदंडा-कोर्लई : सोबत ७४ वर्षांचे बाबा, मदत हवी आहे

मंडळी, नमस्कार.

जानेवारीत पौर्णिमेच्या आसपासचा शनिवार-रविवार गाठून पुण्याहून गाडीने चौल-रेवदंड्याला जायचं आहे. मी, बायको, सातवीतला मुलगा आणि बाबा. बाबा इतिहासाचे निवृत्त शिक्षक. गुडघे दुखतात, पण हे ते स्वतः कधीच सांगणार नाहीत, म्हणून इथं विचारतोय. काशीदची वाळू आणि बनाना राइड कृपया सुचवू नका, ते सगळं झालंय.

मुख्य अडचण कोर्लईच्या किल्ल्याची. दीपगृहाच्या बाजूनं पायऱ्या आहेत आणि चढ थोडका आहे असं ऐकलंय. थोडका म्हणजे पर्वतीएवढा की कमी? गाडी दीपगृहापर्यंत नेता येते का? बाबांना वर जायचंच आहे. पोर्तुगीजांचा हा किल्ला वसईपाठोपाठ १७४० मध्ये मराठ्यांकडे आला, हे ते मुलाला तिथंच उभं राहून सांगणार आहेत. वर सावली नसेल तर सकाळीच उरकलेलं बरं.

रेवदंड्यात गावच किल्ल्याच्या आत, त्यामुळे तिथं चढायचा प्रश्न नाही. पण सातखणी मनोऱ्यापर्यंत वाट साफ असते का, की वाडीतून कुणाला विचारून जावं लागतं? समुद्राकडच्या तटाखालून ओहोटीला चालायचं आहे. बाबांचा हिशोब तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, अधिक सहा तास म्हणजे ओहोटी. पौर्णिमेला सव्वापाचच्या सुमारास ओहोटी येते, म्हणजे संध्याकाळ छान मिळेल. स्थानिकांनी हे तपासून सांगावं. १५०८ च्या चौलच्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाचा मुलगा मारला गेला, ती खाडीच्या मुखाजवळची जागा तिथून दिसावी असा माझा अंदाज आहे.

चौलचं रामेश्वर मंदिर आणि पुष्करणी नक्की करणार. दत्ताच्या डोंगराच्या पायऱ्या मी आणि मुलगा चढू, बाबांना खाली चहाच्या टपरीवर बसवू (तयार झाले तर). अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात चौलला उतरला होता. त्याचं स्मारक रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात आहे ना? रविवारी फाटक उघडं असतं का?

आता थोडा नाजूक प्रश्न. कोर्लई गावात आजही पोर्तुगीजमधून घडलेली बोली घराघरात बोलतात. ती कानावर पडावी अशी फार इच्छा आहे, पण कुणाच्या अंगणात उभं राहून 'जरा बोलून दाखवा' म्हणणं बरं दिसत नाही. रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलेलं चालतं का? की मासळी घ्यायच्या निमित्तानं गप्पा मारणं जास्त साधं?

पोपटीचा हंगाम आहेच. वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला, मडकं आणि जाळ, सगळं समोर लावून खाऊ घालणारं एखादं घरगुती ठिकाण सांगा. मुक्कामही घरगुतीच हवा, खोली तळमजल्यावर आणि कमोड असलेला संडास. बाकी सोयी नसल्या तरी चालेल.

रस्ता कुठला घेऊ? ताम्हिणीतून कोलाड-रोहा-साळाव, की खोपोली-पेण-अलिबाग? शनिवारी सकाळी बोरघाटात अडकायची माझी तयारी नाही, पण ताम्हिणीच्या वळणांवर मुलाला गाडी लागते. रोहा ते साळाव रस्त्याची सध्याची अवस्था कुणी नुकतीच पाहिली असेल तर आधी तेवढं लिहा, बुकिंग त्यावर अडलंय.