४३६ रुपये, दोनदा

शुक्रवार, २९ मे

सुजाता, ए-१०३ (सकाळी ८:१२): कुणाच्या खात्यातून ४३६ रुपये गेलेत का? मला दोन मेसेज आले. एक पगाराच्या खात्याचा, एक माहेरच्या बँकेतल्या जुन्या खात्याचा. मी काहीच घेतलेलं नाही. फ्रॉड तर नाही ना?

शिंदे, सी-१०२: वहिनी, आधी कार्ड ब्लॉक करा, बाकीचं नंतर बघू.

रोहन, बी-३०१: ओटीपी कुणाला सांगितलात का?

माने काका, सी-५०२: कार्डबिर्ड काही ब्लॉक करू नका. ही प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना. कधीतरी बँकेत फॉर्मवर सही केली असेल. दरवर्षी मे संपता संपता हप्ता आपोआप कापतात आणि १ जून ते ३१ मे असा वर्षभराचा २ लाखांचा विमा मिळतो. २०१५ मध्ये सुरू झाली तेव्हा हप्ता ३३० होता, जून २०२२ पासून ४३६ झाला.

सुजाता, ए-१०३: अच्छा! मग दोन कापले म्हणजे ४ लाख ना?

माने काका, सी-५०२: नाही. गोम तिथेच आहे. एका माणसाला एकाच खात्यातून. दहा बँकांतून कापले तरी घरच्यांना मिळणार २ लाखच, बाकीच्या खात्यांतला हप्ता फुकट. माहेरच्या बँकेला लेखी द्या, 'ऑटो डेबिट बंद करा'. पण दुसरीकडचं चालू आहे याची आधी खात्री करा. नाहीतर घाईत दोन्ही बंद कराल.

देशपांडे काकू, बी-२०४: माने, माझे का नाही कापले हो? मीही सही केली होती, चांगलं आठवतंय.

माने काका, सी-५०२: काकू, वयाच्या ५० पर्यंत शिरता येतं आणि ५५ ला संपते. तुम्ही आता पलीकडे. तुमचे २० रुपये जात असतील ते वेगळे. ती सुरक्षा विमा योजना, ७० वर्षांपर्यंत, पण फक्त अपघाताची. हार्ट अटॅकने माणूस गेला तर त्यात काही मिळत नाही.

देशपांडे काकू, बी-२०४: म्हणजे आता मला बसखाली येणं परवडेल.

सावंत (सेक्रेटरी), बी-१०१: उद्या सकाळी १० ते दुपारी ३ टाकी सफाई. पाणी भरून ठेवा. आणि ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे, विम्याच्या जाहिराती नकोत.

माने काका, सी-५०२: सावंत, मी ३१ वर्षं विमा कंपनीच्या क्लेम विभागात काढली, एजन्सी कधी केली नाही. विकायला माझ्याकडे काही नाही. उलट वॉचमन आणि लताताईंच्या खात्यात ३१ तारखेला ४३६ शिल्लक आहेत का, ते बघणं सोसायटीचंच काम समजा. शिल्लक नसली की विमा बंद पडतो. पुन्हा घेतला की पहिले ३० दिवस अपघात सोडून कुठल्याही मृत्यूला पैसे नाहीत. आमच्याकडे अशा फायली यायच्या. पासबुकात तीन वर्षं हप्ता, चौथ्या वर्षी खात्यात १८० रुपये.

सुजाता, ए-१०३: लताताईंचं मी आजच बघते.

नितीन, ए-४०४ (दुपारी १:३५): काका, विषय निघालाच आहे तर विचारतो. ३० जूनला माझा कंपनीत शेवटचा दिवस. नवीन ठिकाणी ऑगस्टअखेर रुजू होणार. इथे कंपनीचा ५० लाखांचा ग्रुप टर्म (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा) होता, तो सुटणार. घराचं कर्ज २७ लाख बाकी, ७ वर्षं. वय ४७. या मधल्या दोन महिन्यांसाठी काही छोटा विमा मिळतो का?

रोहन, बी-३०१: दादा, माझाही सेम प्रश्न. मला वाटतंय ५ वर्षांचा टर्म काढावा. १ कोटीचा हप्ता ३० वर्षांच्या पॉलिसीपेक्षा कमी दिसतोय. ५ वर्षांनी पगार वाढेल, तेव्हा मोठा घेऊ.

शिंदे, सी-१०२: टर्ममध्ये जिवंत राहिलो तर पैसे पाण्यात. त्यापेक्षा पैसे परत देणारी घ्या.

माने काका, सी-५०२: शिंदे, वॉचमनला वर्षभर पगार दिला आणि चोरी झाली नाही, तर मार्चमध्ये त्याच्याकडून पगार परत मागता का? पैसे परत देणाऱ्या पॉलिसीत हप्ताच जास्त असतो. तुमचेच जादाचे पैसे वीस-तीस वर्षांनी परत देतात, तेही बहुतेक बिनव्याजी.

शिंदे, सी-१०२: वॉचमन झोपलेला सापडला तर मागेन.

माने काका, सी-५०२: नितीन आणि रोहन, प्रश्न सेम वाटतोय पण उत्तर उलटसुलट आहे. टाईप करायला वेळ लागतोय, चष्मा आणतो.

(दुपारी २:१०)

माने काका, सी-५०२: आधी रोहन. तुझं बाळ आठ महिन्यांचं. ते कमावतं व्हायला किमान २२ वर्षं. म्हणजे तुझी जबाबदारी २२ वर्षांची आणि विमा ५ वर्षांचा. साडेपाच फुटाच्या माणसाला दीड फुटाची चादर. ५ वर्षांची पॉलिसी स्वस्त दिसते, कारण कंपनी फक्त तुझ्या ३१ ते ३६ या वयाचा धोका घेते. ३० वर्षांच्या पॉलिसीत हप्ता शेवटपर्यंत तोच. तरुणपणी थोडं जास्त भरतोस, पन्नाशीत खूप कमी. ५ वर्षांनी दुसरी घ्यायला जाशील तेव्हा वय ३६, मेडिकल नवीन. तोवर शुगर निघाली तर हप्ता चढेल, काही वेळा सरळ नकारही येतो.

रोहन, बी-३०१: पण आज मी फिट आहे काका.

माने काका, सी-५०२: म्हणूनच आज घ्यायची. 'आज फिट' हे सर्टिफिकेट ३० वर्षांसाठी वापर, ५ साठी का वाया घालवतोस? आणि एक गोष्ट एजंट सहसा सांगत नाहीत. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे पॉलिसीला ३ वर्षं झाली की माहिती लपवली वगैरे कारणावरून कंपनीला ती नाकारता येत नाही. त्या ३ वर्षांत मात्र प्रश्न विचारू शकते. ५ वर्षांच्या पॉलिसीतली ३ वर्षं या तपासणीच्या काळातच जाणार. मग नवी घेतलीस की घड्याळ पुन्हा शून्यावर. लांब पॉलिसीत हा काळ एकदाच येतो.

रोहन, बी-३०१: हे माहीतच नव्हतं.

देशपांडे काकू, बी-२०४: रोहन, जीएसटीही गेलाय ना आता? माझा भाचा सांगत होता.

माने काका, सी-५०२: बरोबर. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा १८ टक्के जीएसटी काढला. रोहन, तुझ्याकडचं कोटेशन त्याआधीचं असेल तर नवीन काढ. आणि पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवस असतात वाचायला. नाही पटली तर परत करता येते. वाचत मात्र कुणी नाही.

नितीन, ए-४०४: काका, माझं?

माने काका, सी-५०२: तुझं उलट. तुझी जबाबदारी मोजली तर ७-८ वर्षांची. कर्ज ७ वर्षं. मोठा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, धाकटी बारावीत. स्मिता नोकरी करते. कर्ज फिटलं, मुलं मार्गी लागली की तू गेल्याने घरचे रडतील, पण रस्त्यावर येणार नाहीत. अशा माणसाला छोट्या मुदतीचा विमा अगदी मापाचा. ८ किंवा १० वर्षांचा टर्म घे. पंचाहत्तरीपर्यंतचा कशाला?

नितीन, ए-४०४: पण मला तर दोनच महिन्यांचा हवाय.

माने काका, सी-५०२: दोन महिन्यांचा असा वैयक्तिक टर्म बाजारात मिळत नाही. साधारण ५ वर्षांपासून सुरू होतात. सगळ्यात छोटा विमा बघायचा तर रेल्वेच्या ई-तिकिटावरचा, एका प्रवासाचा ४५ पैशांत १० लाख. पण तोही अपघाताचा. आपल्या डोंबिवली लोकलच्या पासवर तीही सोय नाही.

शिंदे, सी-१०२: खरी गरज तिथेच आहे.

माने काका, सी-५०२: आणि नितीन, नुसता दोन महिन्यांचा खड्डा बुजवायला बघू नको. नवीन कंपनीचा ग्रुप विमाही नोकरी असेपर्यंतच. पीएफसोबत मिळणारा विमा, ईडीएलआय, जास्तीत जास्त ७ लाख, तोही नोकरीत असताना मृत्यू झाला तर. ५५ व्या वर्षी कंपनीने नारळ दिला तर हे सगळं एकदम जाईल आणि तेव्हा नवीन घेणं अवघड. म्हणून स्वतःच्या नावाचा वेगळा हवा. महत्त्वाचं म्हणजे राजीनाम्याची शेवटची तारीख यायच्या आत अर्ज कर. उत्पन्नाचा पुरावा मागतात, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६. जुलैमध्ये 'सध्या नोकरी नाही' लिहून ५० लाख मागायला गेलास तर फाईल अडकेल. आत्ता केलास तर कंपनीचा विमा चालू असतानाच नवीन सुरू होईल, खड्डा पडणारच नाही.

नितीन, ए-४०४: बँकवाला फोन करतोय, कर्जाला जोडून विमा घ्या, हप्ता कर्जात मिळवून देतो म्हणतो.

वर्षाताई, बी-४०३: नितीन, थांब. यावर मला लिहायचंय.

वर्षाताई, बी-४०३ (दुपारी ३:०५): आमच्या कल्याणच्या भावजींनी असाच घेतला होता. एकरकमी हप्ता, कर्जातच मिळवलेला, म्हणजे त्या हप्त्यावरही व्याज. तीन वर्षांनी दुसऱ्या बँकेने व्याज अर्धा टक्का कमी दिलं म्हणून कर्ज तिकडे नेलं. जुन्या बँकेत सही करताना 'विमा बंद करून उरलेले पैसे परत' असा कागद होता, तोही केला. काही हजार आले, त्यात फ्रिज घेतला. नवीन बँकेत 'विमा नको, आपला आहे' असं सांगितलं. आपला होता कुठे? सव्वा वर्षाने भावजी गेले. जाऊबाई अजून हप्ते भरतायत. तो फ्रिज बघितला की त्यांना काय वाटत असेल, मी कधी विचारलं नाही.

सुजाता, ए-१०३: अरे बापरे.

माने काका, सी-५०२: ताई, वाईट वाटलं. असं खूप वेळा घडतं. त्यात फसवणूक कुणाचीच नसते, कागद मात्र कुणी वाचलेला नसतो. नितीन, कर्जाला जोडलेल्या विम्यात रक्कम बहुतेक वेळा कर्जासोबत कमी होत जाते आणि ती आधी बँकेला जाते. कर्ज हलवलं, आधी फेडलं की त्याचं काय होतं, ते लेखी विचारायचं. विमा घेतल्याशिवाय कर्ज नाही अशी सक्ती बँकेला करता येत नाही. तुझं कर्ज तर चालूच आहे, त्यांच्याकडून घ्यायचं कारण नाही. साधा टर्म घे, पैसे स्मिताच्या हातात येतील. कर्ज फेडायचं की मुलीची फी, ते ती ठरवेल.

देशपांडे काकू, बी-२०४: मग माझ्या भाच्याच्या मुलाचं काय? जर्मनीला चाललाय, ३८ लाखांचं शैक्षणिक कर्ज, बाप सहकर्जदार. मुलगा २३, त्याच्यावर कोण अवलंबून आहे?

माने काका, सी-५०२: कुणी नाही, पण बाप अडकलेला आहे ना! बाप किती वर्षांचा?

देशपांडे काकू, बी-२०४: ५८. दोन वर्षांत रिटायर.

माने काका, सी-५०२: मग मुलाच्या जिवावर कर्जाएवढा, कर्जाच्या मुदतीचा टर्म. छोट्या मुदतीचा विमा शोभतो तो अशाच जागी. जायच्या आधी इथेच घ्या, मेडिकल इथे होईल. परदेशात शिकायला जातोय हे फॉर्ममध्ये लिहा. २३ व्या वर्षी हप्ता फार होणार नाही.

शिंदे, सी-१०२: आमच्यासारख्या छोट्या छापखानावाल्याचं बोला. आयटी रिटर्न जेमतेम, कंपन्या दारात उभं करत नाहीत.

माने काका, सी-५०२: सरल जीवन बीमा नावाची साधी टर्म पॉलिसी आहे, कंपनी कुठलीही असली तरी नियम सारखेच. २०२१ च्या जानेवारीपासून. धंदा, शिक्षण यावरून अडवत नाहीत. मुदत ५ वर्षांपासून ४० पर्यंत. पहिले ४५ दिवस अपघात सोडून पैसे मिळत नाहीत, ते लक्षात ठेवा. छापखान्याचं मशीनचं कर्ज किती वर्षांचं?

शिंदे, सी-१०२: ५.

माने काका, सी-५०२: बघा, मापात बसतंय.

सावंत (सेक्रेटरी), बी-१०१: काका, ग्रुपचे ८७ मेसेज वाचले. उद्याच्या टाकीबद्दल एकाचंही उत्तर नाही. बाय द वे, ५२ ला मला काही मिळेल का?

माने काका, सी-५०२: मिळेल. फॉर्म भरताना सगळ्यांनी एकच पथ्य पाळा. बीपी, शुगर, जुनं ऑपरेशन, दारू, सिगारेट, तंबाखू, मावा, जे आहे ते लिहा. एजंट म्हणतो 'नको लिहू, हप्ता वाढेल'. त्याचं कमिशन निघतं. क्लेमला कागद घेऊन तुमची बायको येते, तो नाही.

नितीन, ए-४०४: काका, एक पर्सनल मेसेज केलाय, बघा.

सावंत (सेक्रेटरी), बी-१०१: टाकी. उद्या. दहा.

सुजाता, ए-१०३ (संध्याकाळी ६:४०): लताताईंच्या खात्यात ३१० होते. २०० टाकले. माझी माहेरच्या बँकेची ब्रांच आज बंद होती, सोमवारी जाईन.

माने काका, सी-५०२ (संध्याकाळी ७:०२): हो नितीन, दिवसाला दोन पुड्या म्हणजे 'तंबाखू: होय' असंच लिहायचं. 'कधीकधी' नाही. मेडिकलच्या तपासणीत कळतंच. घरी माहीत नसलं तरी फॉर्मवर लिहावंच लागेल.

रोहन, बी-३०१: काका, हा ग्रुप आहे.

माने काका, सी-५०२: हा मेसेज डिलीट केला गेला आहे

स्मिता, ए-४०४: वाचला मी. अहो, घरी या.