काठीनं गावं वाचली म्हणे!

पऱ्हाटी: कालच्या पोस्टवर एकानं लिहिलं, 'लॉकडाऊनमध्ये पोलिसांच्या काठीनंच खेडी वाचली, आता तरी त्यांच्यावर भरवसा ठेवा.' काठीनं भरवसा बसते का कधी? एप्रिल २०२०. बाबांच्या इन्सुलिनसाठी तालुक्याला निघालो. नाकाबंदीत चिठ्ठी दाखवली, तर म्हणे तारीख जुनी आहे. शुगरवाल्याची चिठ्ठी काय दर सोमवारी नवी निघते? पोटरीवर दोन हाणल्या, वरून गाडीची हवा सोडली. सात किलोमीटर ढकलत आणली. पुढं गावात ताप फिरला तेव्हा कोणी सांगेना. आशाताई दारात आली की आतून कडी. नाव गेलं तर मागून पोलीस येतील, गल्लीला बांबू ठोकतील, हा धाक. पॅरासिटामॉल गिळून सगळे चूप. यात वाचलं कोण?

खाकीचं घर: एक दिवस गाडी ढकलली अन् एवढं पुराण! माझे मिस्टर पांढरकवड्याकडं हायवेवर होते. मे महिन्याचं ऊन, तेलंगणातून पायी येणारे लोक, त्यांना पाणी कोण पाजत होतं? दोन महिने ते गोठ्यात झोपले, मी लांबून ताट सरकवायची. आणि पारावर पत्ते कुटायला कोण बसत होतं, तेही लिहा.

ठेचा_भाकर: ताई, पार सोडा. आमचा चाळीस क्विंटल कापूस घरात होता. तेव्हा हमीभाव क्विंटलले ५५५०, पण सरकारी खरेदी केंद्र बंद. उघडलं तं टोकनच्या मेसेजची वाट पाहा. गंजीजवळ झोपून पोरांच्या अंगाले खाज सुटली.

पऱ्हाटी: भाऊ, विषय कापसाचा नाही.

ठेचा_भाकर: इकडं विषय कापसाचाच असते बाप्पा. ट्रॅक्टर निघाला तं नाक्यावर दोनशे, केंद्रावर कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरची कटकट वेगळी.

बोंडअळी: ग्रेडरचं नावच काढू नका! माझा कापूस ओला म्हणून परत केला, अन् तोच व्यापाऱ्याच्या गाडीतून गेला तं वाळला!

खाकीचं घर: दोनशे घेतले तर तक्रार का नाही केली?

ठेचा_भाकर: कोठी? त्याच ठाण्यात?

वकिली_चष्मा: तेव्हाच्या दंड संहितेतल्या कलम १८८ खाली, म्हणजे सरकारी आदेश मोडल्याबद्दल, शिक्षा कोर्टानं द्यायची होती, रस्त्यावर नाही. साथरोग कायदा १८९७चा, इंग्रजांच्या काळातला. त्यातही काठी लिहिलेली नाही. त्या १८८च्या केसेस २०२२ मध्ये सरकारनंच मागं घ्यायचं ठरवलं.

खाकीचं घर: बरं, इन्सुलिनवाल्याला मारलं ते चुकलंच. झालं समाधान? गोठ्यातल्या ताटाबद्दल मात्र कोणाच्या तोंडून शब्द नाही.

पऱ्हाटी: वहिनी, पाणी पाजलं त्यांना हात जोडतो. हवा सोडणारा दुसरा होता, मान्य. पण अंगावर वर्दी तीच होती ना?

ठेचा_भाकर: टोकनचा मेसेज अजून यायचाच आहे, कोणाले आला का?