पंख्याची विमाने आणि ब्रिटनमधले लहान विमानतळ : आपले अनुभव लिहा

२९ जुलै १९५० रोजी व्हिकर्स व्हायकाउंट हे विमान लंडनजवळच्या नॉर्थोल्टहून प्रवासी घेऊन पॅरिसला गेले आणि टर्बोप्रॉप, म्हणजे टर्बाइन इंजिनाने पंखा फिरवणाऱ्या, विमानांच्या प्रवासी वाहतुकीला जगात प्रथमच सुरुवात झाली. पुढच्या कित्येक दशकांत ब्रिटनमधल्या लहान विमानतळांचा बराचसा भार पंख्याच्या विमानांनीच वाहिला. साठ आणि सत्तरच्या दशकांत महाराष्ट्रातून तिकडे गेलेल्या अनेक डॉक्टरांना नोकऱ्या मिळाल्या त्या लंडनमध्ये नव्हे, तर जिल्ह्याच्या गावांतल्या रुग्णालयांत. त्यांच्या मागोमाग अभियंते आणि विद्यार्थी गेले. त्यामुळे आपल्यापैकी बऱ्याच जणांचा हवाई प्रवास ज्या विमानतळांवरून झाला, त्यांची नावे इकडे फारशी कोणाला ठाऊक नाहीत. ती पिढी आता ऐंशीच्या घरात आहे, म्हणून हे लिहून ठेवण्याची घाई करायला हवी असे मला मनापासून वाटते. विमानाचे नाव आठवत नसेल, तर पंख खिडक्यांच्या वर होता की खाली आणि इंजिने किती होती, एवढे सांगितले तरी जाणकार ते ओळखतील.

लेस्टर

मी भूलतज्ज्ञ म्हणून सत्तरच्या दशकात येथे आले. आमचा विमानतळ म्हणजे ईस्ट मिडलंड्स. महायुद्धातल्या हवाई दलाच्या जुन्या तळावर तो १९६५ मध्ये सुरू झाला होता आणि जुने लोक त्याला शेजारच्या गावाच्या नावाने कॅसल डॉनिंग्टन म्हणत असत. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही ब्रिटिश मिडलंड या विमान कंपनीच्या व्हायकाउंटने जर्सी बेटावर जात असू.

विमानाकडे चालत जायचे, शिडी चढायची आणि आत शिरताना मान वळवली की चारही इंजिने एका नजरेत दिसायची. पण माझ्या मनात राहिल्या त्या खिडक्या. त्या मोठ्या आणि लंबगोल होत्या, इतक्या मोठ्या की सहा वर्षांचा मुलगा आणि मी एकाच खिडकीतून एकाच वेळी बाहेर पाहू शकत असू. आजच्या विमानात शेजाऱ्याच्या खांद्यावरून वाकून पाहावे लागते, तेव्हा मला त्या खिडक्यांची आठवण होते. आम्ही पंखाच्या मागे बसलो होतो. इंजिने एकेक करून सुरू झाली. आधी बारीक, चढत जाणारी शीळ ऐकू यायची, मग पंख्याची पाती हळूहळू फिरू लागायची आणि काही क्षणांत पाती दिसेनाशी होऊन तेथे नुसते करडे वर्तुळ उरायचे. यजमानांनी जाहिरातीत वाचले होते की या विमानात नाणे कडेवर उभे राहते. मुलाने संग्रहातली जुनी, मोठी पेनी समोरच्या टेबलावर उभी केली आणि इंग्लिश खाडीवर ती खरोखरच बराच वेळ उभी राहिली. त्याआधी मुंबई-नागपूर प्रवास मी डाकोटा या जुन्या विमानाने केला होता, त्यामुळे या स्थिरतेचे मला फार अप्रूप वाटले.

परतीच्या प्रवासात जर्सीचे लहान, पातळ सालीचे बटाटे पिशवीतून आणायचे आणि घरी आल्यावर त्यांना जिऱ्याची फोडणी द्यायची, हा आमच्या घरचा पायंडाच पडला होता.

मुंबई (पूर्वी साउथएंड)

वरच्या अनुभवातली शीळ डार्ट इंजिनाची. मी आधी मुंबईत आणि नंतर साउथएंडच्या एका देखभाल कंपनीत याच इंजिनावर काम केले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

रोल्स-रॉइसच्या डार्टमध्ये हवा दाबण्यासाठी एकामागे एक अशी दोन मोठी केंद्रोत्सारी, म्हणजे हवा कडेकडे फेकणारी, चक्रे असतात. त्यांच्यामागे सात ज्वलनकक्ष गोलाकार, थोडे तिरके बसवलेले असतात. पूर्ण शक्तीवर मुख्य दांडा मिनिटाला सुमारे १५ हजार फेरे घेतो. पंखा एवढ्या वेगाने फिरवणे शक्य नसते, म्हणून पुढच्या दंतचक्रांच्या पेटीत हा वेग दहाव्या हिश्शाहूनही खाली आणला जातो. कानाला टोचणारी शीळ त्या वेगवान चक्रांची आणि खालचा जाड सूर पंख्याचा, असे दोन आवाज एकाच वेळी ऐकू येतात. व्हायकाउंट, हँडली पेज हेरल्ड, फोकर फ्रेंडशिप आणि ॲव्हरो ७४८ या चारही विमानांना हेच इंजिन होते. त्यामुळे एका विमानावर शिकलेला तंत्रज्ञ दुसऱ्या विमानावर सहज रुळत असे. माझी तेथली नोकरी त्यामुळेच शक्य झाली. इंडियन एअरलाइन्सकडे १९५७ पासून व्हायकाउंट आणि पुढे फ्रेंडशिप व ७४८ होती.

कडक उन्हात किंवा आखूड धावपट्टीवर उड्डाणाच्या वेळी इंजिनात पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण सोडून घटलेली शक्ती भरून काढत असत. त्या मिश्रणाचा गोडसर, तीव्र वास अंगावरच्या कपड्यांना चिकटून राहायचा. आणखी एक काम प्रवाशांना खिडकीतून दिसत असे, पण त्याचे कारण त्यांना ठाऊक नसे. विमान उभे राहिले की आम्ही पंख्याच्या एका पात्याला पट्टा बांधत असू, कारण बंद इंजिनाचा पंखा वाऱ्याने फिरू लागतो आणि आजूबाजूला माणसे वावरत असतात. साउथएंड समुद्राला लागून असल्यामुळे तेथे या पट्ट्याची आठवण कोणाला करून द्यावी लागत नसे.

ठाणे (पूर्वी ॲबर्डीन)

मी तेल उत्खननातला अभियंता. १९७४ मध्ये बॉम्बे हायला तेल सापडले आणि समुद्रातल्या कामाचा अनुभव असलेल्या माणसांची गरज निर्माण झाली. त्या निमित्ताने मी उत्तर समुद्रात काही काळ काम केले. ॲबर्डीनहून स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांमधल्या सम्बराला डॅन-एअर कंपनीच्या ७४८ विमानाने जायचे आणि तेथून हेलिकॉप्टरने तेलफलाटावर, असा आमचा मार्ग होता.

ते विमान पाहून मला घरचे माणूस भेटल्यासारखे वाटले. ॲव्हरो ७४८ मँचेस्टरजवळच्या वुडफर्डला जून १९६० मध्ये प्रथम उडाले आणि पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९६१ रोजी, कानपूरला जोडणी केलेले ७४८ आकाशात झेपावले. स्कॉटिश सहकाऱ्यांना मी हे सांगितले तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. या विमानाचा पंख खाली आहे, तरीही इंजिने पंखाच्या वरच्या अंगाला चढवून बसवली आहेत, म्हणजे पंखा जमिनीपासून पुरेसा उंच राहतो. सम्बराला वारा इतका असे की विमान धावपट्टीवर टेकेपर्यंत कोणी बोलत नसे. तेथे दीपगृहाकडे जाणारा रस्ता धावपट्टीला छेदून जातो. विमान येण्याच्या वेळी, आपल्याकडच्या रेल्वे फाटकासारखे, तेथे अडथळे टाकून मोटारी थांबवतात. आमच्या विमानासाठी पलीकडे थांबलेल्या मेंढ्यांच्या गाडीतला शेतकरी हात हलवत असे आणि आम्हीही खिडकीतून त्याला प्रतिसाद देत असू.

पुणे

हा अनुभव माझ्या काकांचा आहे. ते पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस केंटमध्ये होते. त्यांनी आपली मॉरिस मायनर गाडी लिड येथून विमानात घालून फ्रान्सच्या ल तुकेला नेली होती. लिडचा विमानतळ १९५४ मध्ये मुख्यतः या वाहतुकीसाठीच बांधला होता. सिल्व्हर सिटी कंपनीच्या ब्रिस्टल सुपरफ्रेटरचे नाक दोन झडपांसारखे उघडायचे, तिरक्या फळीवरून तीन गाड्या आत ढकलायच्या आणि मालक मागच्या छोट्या कक्षात बसायचे. वीसेक मिनिटांत पलीकडचा किनारा येई. काका सांगत, की इंजिनांच्या गोंगाटात बोलणे अशक्य होते आणि उतरल्यावर सर्व प्रवाशांनी आधी आपापल्या गाडीला कोठे ओरखडा तर नाही ना, हे पाहिले.

एडिंबरा

स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवरचा प्रवास येथे आलाच पाहिजे, कारण तो आजही पंख्याच्या विमानानेच होतो. पापा वेस्ट्रे बेटावर नॅप ऑफ हॉवर नावाची नवाश्मयुगीन वस्ती आहे. पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या दगडी घरांच्या भिंती अजून उभ्या आहेत. मी पुरातत्त्वाची विद्यार्थिनी असल्यामुळे ती पाहायला गेले होते.

ऑर्कनीतल्या कर्कवॉल गावच्या विमानतळावर आधी सामानाबरोबर आमचेही वजन विचारले गेले, कारण लोगनएअरच्या आयलंडर विमानात जेमतेम आठ प्रवासी बसतात आणि कोणी कोठे बसावे हे वजनावर ठरते. मला वैमानिकाच्या शेजारची जागा मिळाली. मध्ये पडदा नाही, दार नाही. समोर सर्व काटे फिरत होते आणि गुडघ्यापाशी दुसरे सुकाणू होते, त्याला हात लागू नये म्हणून मी ओढणी घट्ट गुंडाळून बसले. वेस्ट्रेहून पापा वेस्ट्रेपर्यंतचे अंतर सुमारे २.७ किलोमीटर आहे, म्हणजे मुंबईच्या मुख्य धावपट्टीपेक्षाही कमी. जगातले हे सर्वांत लहान नियमित उड्डाण वेळापत्रकात दोन मिनिटांचे दाखवलेले असते आणि अनुकूल वाऱ्यात ते एका मिनिटाच्या आतही झालेले आहे. पर्यटकांना त्याचे कौतुक वाटते ते स्वाभाविक आहे. परंतु माझ्या मागे बसलेले लोक रोजच्या कामाला निघाले होते: एक शिक्षिका दुसऱ्या बेटावरच्या शाळेत जात होत्या आणि एक आजोबा दातांच्या डॉक्टरांकडून परत येत होते. १९६७ पासून चाललेली ही सेवा त्या बेटांच्या दृष्टीने गावच्या एसटीइतकीच गरजेची आहे, आणि सरकारी मदतीवर चालते म्हणून तिच्याकडे चैन म्हणून पाहणाऱ्यांशी मी मुळीच सहमत नाही.

ग्लासगो

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या ‘बारा’ (Barra) नावाच्या बेटावर विमान थेट समुद्रकिनाऱ्यावर उतरते. वाळूवर तीन धावपट्ट्या त्रिकोणात आखलेल्या आहेत, त्यांची टोके लाकडी खांबांनी दाखवली आहेत आणि भरती आली की तिन्ही पाण्याखाली जातात. म्हणून विमानांच्या वेळा भरती-ओहोटी पाहून ठरतात. आमचे ट्विन ऑटर विमान टेकले तेव्हा चाकांनी उडवलेले खारे पाणी खिडकीवर आले. वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा खांबावर फडकत असेल तेव्हा किनाऱ्यावर जायचे नाही, एवढा एकच नियम शिंपले वेचणाऱ्यांना पाळावा लागतो. माझे बालपण रत्नागिरीला गेले, त्यामुळे त्या ओल्या, घट्ट वाळूकडे पाहून भाट्याचा किनारा आठवला.

प्लिमथ

आमच्या रोबरो विमानतळाबद्दल लिहिताना वाईट वाटते. ब्रायमन एअरवेजची चार इंजिनांची डॅश ७ विमाने येथून उडत असत. आखूड धावपट्टीवर उतरण्यासाठीच घडवलेले हे विमान १९८७ मध्ये लंडन सिटी विमानतळ सुरू झाला तेव्हा तेथेही आले. डिसेंबर २०११ मध्ये आमचा विमानतळ बंद झाला, आणि अडीच लाखांहून अधिक वस्तीच्या शहराला तेव्हापासून हवाई सेवा नाही. त्यानंतर आम्ही एक्सटरला जाऊन फ्लायबीच्या डॅश ८ विमानांनी प्रवास करू लागलो. मार्च २०२० मध्ये ती कंपनीही बंद पडली. भारतातून आई-वडील येणार असले की लंडनहून तीन तासांहून अधिक रेल्वेप्रवास त्यांना करावा लागतो. मोठ्या जेटसाठी पुरेसे प्रवासी आमच्याकडे नाहीत. पन्नास आसनांचे विमान होते तोवर विमानतळही होता.

लेस्टरच्या ताईंचे व्हायकाउंट आता कोठे पाहायला मिळेल? नातवाला दाखवायचे आहे.

मुंबई (पूर्वी साउथएंड)

ब्रुकलंड्स आणि डक्सफर्ड येथील संग्रहालयांत व्हायकाउंट जपून ठेवली आहेत. ब्रुकलंड्सला व्हायकाउंटचे थोरले भावंड व्हॅनगार्डही आहे. त्या जातीचे हे शेवटचे उडते विमान १७ ऑक्टोबर १९९६ रोजी तेथल्या आखूड धावपट्टीवर उतरून कायमचे थांबले. मात्र डार्टची शीळ संग्रहालयात ऐकू येणार नाही. भारतीय हवाई दलाने याच इंजिनाची ॲव्हरो ७४८ विमाने अनेक दशके वापरली आणि त्यांच्या जागी ५६ सी-२९५ विमाने घेण्याचा करार सप्टेंबर २०२१ मध्ये झाला. हवाई दलातून निवृत्त झालेल्यांपैकी कोणाकडे ७४८ च्या इंजिन सुरू होण्याचे ध्वनिमुद्रण असेल, तर कृपया त्याची प्रत काढून जपून ठेवावी आणि मला कळवावे. ध्वनिफितीवरचे असले तरी चालेल, ते संगणकावर उतरवून देण्याचे काम मी करीन.