मदत हवी आहे: बाबांच्या पायाची जखम आणि कल्चर रिपोर्ट

बाबा 68 वर्षांचे, शुगर बरीच जुनी. चपलेतला खिळा अंगठ्याखाली रुतला तरी त्यांना कळलंच नाही; फरशीवर रक्ताचे ठसे दिसले तेव्हा आईच्या लक्षात आलं. दीड महिना झाला. ड्रेसिंग सोडलं की हिरवट डाग आणि उग्र वास. कल्चरमध्ये (जखमेतले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) स्युडोमोनास आणि स्टॅफ ऑरियस, हे दोन्ही जंतू आलेत. पण नमुना जखम न धुता, वरवर बोळा फिरवून घेतला होता. त्यात त्वचेवरचे जंतूही येतात ना? आतल्या मांसाचा तुकडा पुन्हा पाठवायला सांगू का?

जखम तपासताना आत घातलेली सळई हाडाला लागतेय म्हणून एमआरआय सांगितलाय. हाडापर्यंत संसर्ग जाऊनही बोट वाचलेलं कुणी आहे का? अँटिबायोटिक किती आठवडे चाललं? सातारा-पुण्याकडे जखमेसोबत पायाचा रक्तपुरवठाही तपासणारे डॉक्टर माहीत असतील तर कृपया लवकर कळवा. बाबा फार घाबरलेत.