मदत हवी आहे: भाचा इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला, उशिरा हजर झाला, आता मागे पडतोय

नमस्कार मंडळी,

माझा भाचा सांगोला तालुक्यातल्या एका खेड्यातला. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावी-बारावी सायन्स तालुक्याच्या कॉलेजात. कॅपच्या (सरकारी केंद्रीय प्रवेशाच्या) शेवटच्या फेरीत पुण्यात मेकॅनिकलला नंबर लागला. कॉलेजचं नाव देत नाही. तो हजर झाला तोवर इंडक्शन (नव्या मुलांना कॉलेजची ओळख करून देणारे दिवस) उरकलं होतं आणि एम-वनचं, म्हणजे पहिल्या सत्राच्या गणिताचं, पहिलं युनिटही शिकवून झालं होतं.

एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने) पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी तीन आठवड्यांचं इंडक्शन आखून दिलेलं आहे, यूजीसीचा 'दीक्षारंभ' हा तसाच कार्यक्रमही २०१९ पासून आहे. मेंटॉर शिक्षक, सीनियर मुलांशी ओळख, कॉलेजची माहिती, सगळं त्यातच होतं. शेवटच्या फेरीत येणारी पोरं बहुतेक बाहेरगावची, फी आणि खोलीची जुळवाजुळव करून पोचणारी. ज्यांना या सगळ्याची सर्वांत जास्त गरज, त्यांचंच ते हुकतं. याचं मला फार वाईट वाटतं.

दसऱ्याला तो घरी आला तेव्हा त्याची एम-वनची वही चाळली. अक्षर मोत्यासारखं. इंग्रजी शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहिलेले: 'पार्शल', 'होमोजीनिअस'. मग गणित मध्येच थांबतं, अर्धं पान कोरं आणि समासात 'हे विचारायचे'. पानामागून पान तेच. विचारलं मात्र कुणालाच नाही. मेंटॉर सरांची यादी नोटीस बोर्डवर आहे, पण तीत उशिरा आलेल्यांची नावंच नाहीत. ग्राफिक्सच्या (इंजिनीअरिंग ड्रॉइंगच्या) शीट जीटी मारून (दुसऱ्याची शीट काचेवर ठेवून गिरवून) पुऱ्या करतोय, म्हणजे प्रोजेक्शन, वस्तू कागदावर उतरवायची रीत, डोक्यात शिरलेलंच नाही. पोरगा कष्टाळू आहे, पण वर्गात हात वर करायची त्याला भीती वाटते.

मला विचारायचंय ते असं. सत्र निम्मं सरल्यावर कॉलेजकडून काय मागता येतं, आणि कुणाकडे? खाजगी क्लास लावावा असं दाजी म्हणतात, पण तेवढा पैसा नाही. खोली आणि मेसचा खर्चच जड जातोय. त्यासाठी काही योजना आहेत का?

प्रतिसाद: एफईची (इंजिनीअरिंग प्रथम वर्षाची) शिक्षिका

दादा, उद्याच त्याला प्रथम वर्षाच्या समन्वयकांकडे पाठवा, आणि सोबत लेखी अर्ज द्या: 'अमुक तारखेला प्रवेश झाला, मेंटॉर मिळालेला नाही, कृपया नेमावा.' तोंडी सांगितलेलं राहून जातं, अर्ज फाइलला लागतो. रेमेडियल तास (मागे पडलेल्यांसाठी जादा तास) असतात का, तेही त्यातच विचारा. बऱ्याच कॉलेजांत ते पहिल्या चाचणीत नापास झालेल्यांनाच बोलावतात. त्याने आपण होऊन बसू द्या म्हणावं, शिक्षक नाही म्हणत नाहीत.

शंका विचारायची जागा लेक्चर नव्हे, ट्युटोरियल. तिथे बॅच लहान असते. त्या वहीतला एकच 'हे विचारायचे' घेऊन जायचं, एका आठवड्याला एक. एआयसीटीईच्या ई-कुंभ पोर्टलवर मराठीतली तांत्रिक पुस्तकं फुकट मिळतात. मराठीत समजून घ्यावं, पण त्याच दिवशी तोच भाग इंग्रजी पुस्तकातून सोडवावा, कारण पेपर इंग्रजीत लिहायचा आहे.

प्रतिसाद: न्यू यॉर्ककर

मी इथल्या एका कम्युनिटी कॉलेजात काम करते. सिटी युनिव्हर्सिटीत २००७ पासून 'असॅप' नावाचा कार्यक्रम आहे. प्रत्येक मुलाला ठरलेला सल्लागार, तो वरचेवर भेटणार म्हणजे भेटणारच, शिवाय शिकवणी, पुस्तकांना मदत, बस-सबवेचा पास. चिठ्ठ्या टाकून दोन गट करून तपासलं, तर तीन वर्षांत पदवी मिळवणारे कार्यक्रमात ४० टक्के, बाहेर २२ टक्के. माझ्या मते यातली मुख्य गोष्ट म्हणजे मदत मागायची वाट बघत नाहीत, माणूस मुलाकडे जातो.

दुसरी पद्धत तुमच्याकडे फुकटात जमेल. मिझुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेत १९७३ साली सुरू झाली. तिथे 'कच्ची मुलं' निवडत नाहीत, अवघड विषय निवडतात. तो विषय उत्तम गुणांनी पास झालेला सीनियर पुन्हा त्याच लेक्चरला बसतो आणि आठवड्यातून ठरल्या वेळी सगळ्यांना घेऊन गणितं सोडवतो. कुणावर 'ढ' असा शिक्का बसत नाही, म्हणून लाजरी मुलंही येतात.

प्रतिसाद: वसतिगृहवाला

पैशांचं सांगतो. प्रवर्ग आणि उत्पन्नाप्रमाणे दार वेगळं. अनुसूचित जातीसाठी स्वाधार. ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या किंवा नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. महाडीबीटीवर (शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर) फीचा अर्ज भरलाय का तेही बघा. खोलीचा भाडेकरार करून ठेवा, तो मागतात. पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून खेड्यातल्या मुलांना सांभाळतेय. या वर्षी जागा नसली तरी पुढच्या वर्षाच्या अर्जाची चौकशी आत्ताच करा. कॉलेजात 'कमवा व शिका' असेल तर विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना भेटा, पण पहिल्या सत्रात तास कमी घ्या.

आणि पोरगा फारच गप्प वाटला तर टेली मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. फुकट आहे, मराठीत बोलतात.

धागाकर्ता

मनापासून आभार. अर्ज लिहून झाला, समासातल्या शंकांची यादी तो स्वतः करतोय. दाजींची जमीन अल्पभूधारकात बसते, भत्त्याचं बघतो. एकच अडलंय: न्यू यॉर्ककर ताईंनी सांगितलेला सीनियरचा तास इथे कुणी चालवलाय का? तिसऱ्या वर्षाचा गावाकडचाच एक मुलगा तयार आहे, पण संध्याकाळी वर्ग उघडून मिळायला कुणाची सही लागते?